पावसाळ्यानंतरचं टेनिस आणि पिच्छा न सोडणारी दुखणी

जूनमध्ये कोर्टवर पाणी साचतं आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक हौशी खेळाडूंचं टेनिस तीन-साडेतीन महिने बंद पडतं. नवरात्राच्या सुमारास मातीचं कोर्ट रोलर फिरवून, रेषा आखून पुन्हा तयार होतं. मग भुकेल्या माणसासारखं आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला दोन-दोन तास खेळणं सुरू होतं. दिवाळीपर्यंत कोपर ठणकायला लागतं, नाहीतर पोटरी धरते. निदान ठरलेलंच असतं: आता वय झालं.

वयाचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा असतो अचानक वाढलेल्या भाराचा. दम आठ-पंधरा दिवसांत परत येतो, स्नायूही काही आठवड्यांत सावरतात. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा, मात्र अतिशय सावकाश जुळवून घेते. तिला महिने लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत तुम्हाला ‘मस्त वाटतंय’ ते फुप्फुसांमुळे. कंडरा तेव्हा अजून जुलैमध्येच असते. पावसाळा हे एक कारण झालं. दोन महिने परदेशी जाऊन आलात, नवी रॅकेट घेतली, क्लबची स्पर्धा आली म्हणून रोज सर्व्हिसचा सराव सुरू केला, तरी घडतं तेच.

सकाळ काय सांगते ते बघा

दुखत असताना खेळावं की थांबावं, हा निर्णय कोर्टवर घेऊ नका. अंग गरम झालं की कंडरेचं दुखणं दबतं, त्यामुळे खेळतानाच्या वेदनेवर विसंबता येत नाही. खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं.

प्रत्येक दुखण्यासाठी सकाळची एक खूण ठरवा. कोपरासाठी भरलेला तांब्या हात सरळ ठेवून उचलणं. टाचेसाठी पलंगावरून खाली टाकलेलं पहिलं पाऊल. टाचेमागच्या कंडरेसाठी जिना उतरणं, गुडघ्यासाठी उकिडवं बसून उठणं, खांद्यासाठी शर्टाच्या बाहीत हात घालणं. वेदनेला ० ते १० असे गुण द्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. खेळताना ३ पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी खूण नेहमीच्याच आकड्यावर असली, तर भार योग्य आहे. आकडा दोनाने चढला, तर काल जास्त झालं. पुढच्या वेळी खेळ एक तृतीयांशाने कमी करा. आकडा सलग तीन वेळा चढत गेला, तर ज्या फटक्याने दुखतं तो फटका दोन आठवडे बंद.

पूर्ण विश्रांतीचा सल्ला सर्रास दिला जातो. महिनाभर काहीच केलं नाही की दुखणं कमी होतं हे खरं. पण त्या महिन्यात कंडरा आणखी कमजोर होते, आणि परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तेच दुखणं पुन्हा उभं राहतं. म्हणून खेळ तोडायचा नाही, कापायचा. कोपर दुखत असेल तर बॅकहँड दोन हातांनी किंवा नुसता स्लाइस, म्हणजे बॉल खालून कापत, मारा. खांदा दुखत असेल तर सर्व्हिस न करता नॉक करा, म्हणजे गुण न मोजता नुसते फटके मारा. पोटरी दुखत असेल तर सिंगल्सऐवजी मार्करबरोबर (क्लबमध्ये सरावाला खेळवणाऱ्या माणसाबरोबर) जागेवर उभं राहून अर्धा तास खेळा.

कोपर

सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराला हा त्रास झाला आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा ‘टेनिस एल्बो’ हा शब्द मराठी घराघरात पोचला. नावात टेनिस असलं तरी हे दुखणं होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी रॅकेट धरलेली नसते. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडावर जिथे चिकटतात तिथली कंडरा बिघडते. एखादी वस्तू घट्ट पकडताना मनगट स्थिर ठेवायचं काम याच स्नायूंचं आहे, त्यामुळे पकड जितकी घट्ट तितका त्यांच्यावर ताण.

ओळख सोपी आहे. कोपर सरळ, तळवा खाली. दुसऱ्या हाताने मधलं बोट खाली दाबा आणि दुखऱ्या हाताने ते वर उचलायचा प्रयत्न करा. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ आली तर बहुधा हेच. कळ आतल्या बाजूच्या हाडाशी येत असेल तर ते ‘गोल्फर्स एल्बो’. टेनिसमध्ये तो सर्व्हिसमुळे आणि मनगटाने ओढून टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने फिरकी) काढणाऱ्या फोरहँडमुळे होतो. व्यायाम त्याच पद्धतीचे, फक्त तळवा वर करून. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर तिथली नस दबत असू शकते. तेव्हा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय व्यायाम सुरू करू नका.

कोर्टवर आठवड्यातले सहा तास जातात, बाकीचे एकशे बासष्ट तास तेच कोपर दुसरीकडे राबत असतं. हा हिशोब सहसा कुणी करत नाही. स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर पिळताना उजवं मनगट मागे वाकलेलं आणि मूठ आवळलेली असते, आणि ट्रॅफिकमध्ये रोज पाऊण तास ती तशीच राहते. भरलेलं पातेलं सांडशीने उचलणं म्हणजे घट्ट पकड, सरळ हात आणि तळवा खाली, या कंडरेला नको असलेल्या तिन्ही गोष्टी एकत्र. कपडे पिळणं, दळणाचा डबा बोटांच्या चिमटीत धरून नेणं, टेबलाच्या कडेवर मनगट टेकवून तासन्‌तास माउस फिरवणं, हेही त्याच यादीत. बरं होईपर्यंत वस्तू तळवा वर करून, कोपर अंगाजवळ ठेवून उचला. पातेलं दोन्ही हातांनी, कापडाने धरून उतरवा. अ‍ॅक्सिलरेटरवरची मूठ सिग्नलला पूर्ण मोकळी करा.

आता व्यायाम. महागडं काही लागत नाही, १ लिटरची पाण्याची बाटली पुरते. बाटलीत १०० मिलिलिटर पाणी वाढवलं की वजन १०० ग्रॅमने वाढतं. बाजारातल्या डंबेल्समध्ये अर्ध्या-एक किलोच्या उड्या असतात, इतका बारीक फरक त्यांनी साधत नाही.

पहिले दोन आठवडे: टेबलावर हाताचा पुढचा भाग टेकवा, तळवा खाली, मनगट टेबलाच्या कडेबाहेर. कोपर काटकोनात. अर्धी भरलेली बाटली पकडून मनगट सरळ रेषेत आणा आणि ३० ते ४५ सेकंद हलू न देता धरून ठेवा. एक मिनिट थांबा. असं पाच वेळा, रोज. दुखणं ३-४ पर्यंत गेलं तरी चालेल. धरून ठेवता ठेवता ते बहुधा कमीच होत जातं.

तिसऱ्या आठवड्यापासून: दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्या, मदत काढून घ्या आणि चार सेकंद मोजत सावकाश खाली सोडा. १५ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. तिन्ही फेरे आरामात झाले की १०० मिलिलिटर पाणी वाढवा. दोन-तीन आठवड्यांनी कोपर काटकोनातून हळूहळू सरळ करत न्या, कारण बॅकहँड मारताना हात सरळ असतो आणि कंडरेला ताकद तिथेच हवी असते. हे १०-१२ आठवडे करायचं आहे. चौथ्या आठवड्यात बरं वाटतं आणि बहुतेक जण व्यायाम सोडून देतात. जानेवारीत उलटलेली कोपरं बहुधा अशीच असतात.

रबरी दांडा मिळाला तर आणखी चांगलं. दुखऱ्या हाताने तो उभा धरा, मनगट मागे वाकवलेलं. दुसऱ्या हाताने वरचं टोक पकडून पिळा. पीळ तसाच ठेवून दोन्ही हात समोर सरळ करा, आणि दुखऱ्या मनगटाने पीळ हळूहळू सोडत जा. १५ चे तीन फेरे.

कोपराचा पट्टा वापरायला हरकत नाही, पण तो लोक चुकीच्या जागी बांधतात. दुखऱ्या हाडावर नव्हे, हाडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली, मूठ आवळल्यावर जिथे स्नायू फुगतो तिथे त्याची गादी यायला हवी. पट्टा फक्त खेळताना आणि ओझं उचलताना. रात्री काढून ठेवा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पहिल्या सहा आठवड्यांत त्याने फार छान वाटतं. पण वर्षाच्या टोकाला पाहिलं तर इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट असते आणि दुखणं उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, असं चाचण्यांमध्ये दिसलं आहे. ‘परवा मॅच आहे’ हे इंजेक्शन घ्यायचं कारण नाही. स्वतःचंच रक्त फिरवून टोचण्याचा जो पीआरपी नावाचा महाग उपाय आहे, त्याचाही कोपरासाठी खात्रीचा फायदा सिद्ध झालेला नाही. यातली बहुतेक कोपरं भार सांभाळला तर वर्षभरात बरी होतात, आणि शस्त्रक्रियेपर्यंत फार थोडी जातात.

रॅकेट आणि गटिंग

कोपर दुखणाऱ्याने आधी गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा (स्ट्रिंग) आणि त्यांचा ताण, तपासावं. टीव्हीवरच्या खेळाडूंचं बघून पॉलिएस्टरची स्ट्रिंग ५६-५८ पाउंडला ताणून घ्यायची आणि ती तुटेपर्यंत वर्षभर वापरायची, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. पॉलिएस्टर कडक असते. त्यातली लवचिकता १०-१५ तासांच्या खेळात संपते आणि मग ती नुसती ताठ तार उरते. व्यावसायिक खेळाडू ती रोज बदलतात. हौशी खेळाडूचा फटका इतका जोरकस नसतो की ती तुटेल, म्हणून ती मेल्यावरही रॅकेटवर राहते आणि प्रत्येक फटक्याचा हादरा सरळ हाताला देते.

मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची मऊ, स्ट्रिंग ५० ते ५३ पाउंडला घालून घ्या. ती लवकर तुटते आणि थोडी महाग पडते, पण कोपराच्या उपचारापेक्षा स्वस्तच. पॉलिएस्टर सोडवत नसेल तर ती फक्त उभ्या तारांमध्ये, ४८ च्या आत, आणि आडव्या तारांमध्ये मल्टिफिलामेंट किंवा सिंथेटिक गट (साधी नायलॉनची तार). आठवड्यातून जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षातून गटिंग बदलावं, हा जुना हिशोब मल्टिफिलामेंटला लागू पडतो. पॉलिएस्टरला त्याहून लवकर.

रॅकेट फार हलकी नको. २६० ग्रॅमची रॅकेट दुकानात हातात छान वाटते, पण जोरात आलेला बॉल तिला मागे ढकलतो, कडेला लागला तर ती मुठीत फिरते, आणि ती धरून ठेवायला मूठ आवळावी लागते. स्ट्रिंगशिवाय २८५ ते ३०५ ग्रॅम, तेही हँडलकडे झुकतं वजन, हे बहुतेक प्रौढांना झेपतं. फ्रेमच्या ताठपणाचा आकडा कंपन्या देतात. ६५ च्या खाली असेल तर हाताला बरी, ६९-७० च्या वर असेल तर कोपर दुखणाऱ्याने लांब राहावं. ग्रिप धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावायला हवी. मावत नसेल तर ग्रिप बारीक आहे. एक ओव्हरग्रिप (ग्रिपवरची पातळ पट्टी) गुंडाळली की साधारण अर्ध्या मापाने जाडी वाढते. घामट ओव्हरग्रिप मात्र लगेच बदला. निसटती ग्रिप म्हणजे आवळलेली मूठ. स्ट्रिंगमध्ये अडकवायचं रबरी बटण फक्त आवाज बदलतं, कोपराला त्याचा काही उपयोग नाही.

आणि बॉल. पावसाच्या उघडिपीत ओल्या कोर्टवर खेळताना बॉलचं कापड पाणी पितं आणि तो जड होतो. असे ओले बॉल तासभर मारणं म्हणजे दुखणं विकत घेणं. हवा गेलेले जुने बॉलही वाईट, कारण तो पलीकडे पोचवायला प्रत्येक फटका ओढून मारावा लागतो.

फटक्यातला दोष बहुधा एकाच जागी सापडतो: एकहाती बॅकहँड उशिरा, अंगाच्या मागे, कोपर पुढे काढून मारणं. बॉल पुढच्या पायाच्याही पुढे, खांदा वळवून घ्यायला हवा. तो उशीर पायांमुळे होतो, म्हणून दुरुस्तीही पायांपासून.

गोळ्यांबद्दल

खेळायच्या आधी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेऊन उतरण्याची सवय मोडा. ती वेदना लपवते, म्हणजे सकाळची खूणही खोटी ठरते. शिवाय ऑक्टोबरच्या उन्हात घाम गाळून शरीर कोरडं पडलेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. रक्तदाब, मधुमेह, किडनी किंवा पोटाच्या अल्सरचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. ताप असेल आणि डेंग्यूची शक्यता असेल, तर या गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्याच्या शेवटाला हे विशेष लक्षात ठेवा. कोपर, गुडघा, घोटा हे कातडीजवळचे भाग आहेत. तिथे डायक्लोफेनॅकचं जेल पोटातल्या गोळीपेक्षा बरं.

आणखी एक इशारा फार थोड्यांना माहीत असतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविकं जुलाबासाठी, लघवीच्या संसर्गासाठी आपल्याकडे सर्रास दिली जातात. यांच्यामुळे कंडरा, विशेषतः टाचेमागची, दुखावण्याचा आणि क्वचित तुटण्याचा धोका वाढतो. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर अधिकच. गोळी देतानाच डॉक्टरांना सांगा की आपण टेनिस खेळता. घ्यावीच लागली तर त्या काळात आणि नंतर काही आठवडे धावपळीचा खेळ टाळा. टाचेमागे दुखू लागलं तर त्याच दिवशी कळवा.

पोटरी आणि टाचेमागची कंडरा

चाळिशीनंतर डबल्स खेळताना नेटकडे झेपावलं आणि पोटरीत मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं, मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही. पोटरीचा आतला स्नायू फाटला की असं होतं. इतका ठरावीक प्रकार आहे की वैद्यकात त्याला ‘टेनिस लेग’ असंच नाव आहे.

पहिलं काम म्हणजे टाचेमागची कंडरा शाबूत आहे ना हे पाहणं. पालथं झोपा, पावलं पलंगाबाहेर लोंबू द्या, आणि कुणालातरी पोटरीचा जाड भाग मुठीत धरून दाबायला सांगा. चवड्यावर उभं राहताना होतं तसं पाऊल ताणलं जाऊन बोटं नडगीपासून लांब गेली तर कंडरा जोडलेली आहे. हललं नाही तर ती तुटलेली असू शकते. त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा, कारण उशीर झाला की उपचार अवघड होतात. स्वतःहून पाऊल हलवता येतं म्हणून घरी बसू नका. तुटलेल्या कंडरेनेही बोटांच्या स्नायूंच्या जोरावर पाऊल थोडंफार हलवता येतं, आणि त्यामुळेच अनेकदा निदान हुकतं.

नुसता स्नायू फाटला असेल तर पहिले तीन दिवस मालीश नको, शेक नको, ताणणं नको. तेल लावून जोरात चोळून घेणं ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. आतला रक्तस्राव वाढतो आणि तीन आठवड्यांचं दुखणं दीड महिन्यावर जातं. पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत क्रेप बँडेज बांधा. बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून चार वेळा. चपलेत टाचेखाली एक सेंटिमीटरची गादी, दोन्ही पायांत, म्हणजे कंबर वाकडी होत नाही. पोटरी गरम, ताठ आणि सुजलेली राहिली, किंवा दुखापत आठवतच नसेल, तर शिरेत रक्ताची गुठळी आहे का हे तपासून घ्यावं लागतं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीला.

चौथ्या दिवसापासून खुर्चीत बसून टाचा उचला. पुढे दोन्ही पायांवर उभं राहून, मग एका पायावर. एका पायावर टाच पूर्ण उंचीपर्यंत सलग २० वेळा उचलता आली, आणि चांगल्या पायाच्या आकड्याशी तिचा आकडा जवळपास जुळला, म्हणजे धावायला परवानगी. लंगडणं थांबलं म्हणून कोर्टवर उतरलेल्यांची पोटरी त्याच जागी पुन्हा फाटते.

टाचेमागची कंडरा जाड होऊन सकाळी आखडत असेल, तर जिन्याच्या पायरीवरचा व्यायाम करा. पावलाचा पुढचा भाग पायरीवर ठेवा, दोन्ही पायांनी वर जा आणि दुखऱ्या पायावर सगळा भार घेऊन सावकाश खाली या. १५ वेळा, तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन फेरे थोडा वाकवून, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर पायरीच्या पातळीखाली उतरू नका. तिथे कंडरा हाडावर दाबली जाते आणि त्रास वाढतो. अशा वेळी जमिनीवर उभं राहून करा.

खांदा

सर्व्हिस करताना हात वर जाताना मध्येच, साधारण ६० ते १२० अंशांत दुखतं आणि त्याच्या वर-खाली दुखत नाही, हे खांदा फिरवणाऱ्या लहान स्नायूंचं दुखणं. कोपर अंगाशी, कोपर आणि अंग यांच्यामध्ये गुंडाळलेला नॅपकिन, दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा, आणि हाताचा पुढचा भाग बाहेर फिरवणं: १५ चे तीन फेरे, एक दिवसाआड. सोबत पट्टा दोन्ही हातांनी मागे ओढून खांद्याची पाती एकमेकींकडे आणणं, तेवढंच. नॅपकिन निसटला की समजा खांदा चुकीचा फिरतोय. सर्व्हिसचा टॉस, म्हणजे वर उडवलेला बॉल, डोक्यामागे जात असेल तर आधी तो पुढे आणा. पाठ कमानीसारखी वाकवून बॉल ओढून काढावा लागतो, ते त्याच्यामुळे.

एक दुखणं मात्र वेगळं ओळखा. चाळीस ते साठ वय, त्यात मधुमेह, रात्री कुशीवर झोपवत नाही, आणि दुसऱ्याने फिरवला तरी हात बाहेर वळतच नाही. हा जखडलेला खांदा आहे. रबरी पट्ट्याने तो सुटत नाही, जोर केला तर जास्त दुखतो. डॉक्टरांकडे जा, आणि साखरही तपासून घ्या.

एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की ‘अंशतः फाटलेली कंडरा’ हे शब्द वाचून धसका बसतो. पन्नाशीच्या पुढे खांदा अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या चित्रांतही असे बदल खूपदा दिसतात. रिपोर्टपेक्षा हात किती वर जातो आणि त्यात किती जोर आहे, याला वजन द्या. पडल्यावर किंवा एका झटक्यानंतर हात वर उचलताच येईनासा झाला, तर मात्र लगेच दाखवा.

गुडघा, घोटा, टाच, कंबर

गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल तर भिंतीला पाठ लावून अर्धं बसा, ४५ सेकंद, पाच वेळा. नंतर १५ सेंटिमीटर उंच पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं, १० चे तीन फेरे. गुडघा आत झुकू देऊ नका. गुडघा मध्येच अडकला किंवा खेळानंतर सुजला तर गुडघ्यातली गादी फाटल्याची शक्यता असते, व्यायामाआधी तपासणी.

मागे पडलेल्या बॉलवर पाय पडून घोटा मुरगळतो, म्हणून सर्व्हिसआधी मोकळे बॉल जाळीकडे सारणं हाच पहिला उपाय. मुरगळल्यावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर, पावलाच्या बाहेरच्या कडेवरच्या उंचवट्यावर अथवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढा. हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. सूज उतरल्यावर दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा, आणि पुढचे काही महिने खेळताना घोट्याला आधार बांधा. धावायचे बूट टेनिसला घालू नका. त्यांचा उंच, मऊ तळ आडव्या पावलाला कलंडतो.

सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेखाली टोचत असेल तर घरातली फरशी आठवा. आपण घरात अनवाणी वावरतो. ते काही महिने बंद करून घरात वेगळी मऊ चप्पल ठेवा. पायाच्या बोटांखाली नॅपकिनची गुंडाळी, आणि टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद वरच, तीन सेकंदांत खाली. १२ चे तीन फेरे, एक दिवसाआड.

कंबरेत उसण भरली तर अंथरुणाला खिळू नका, दुसऱ्या दिवसापासून घरात चालत राहा. पाय बधिर होणं, पावलात जोर न राहणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. अकॅडमीत रोज खेळणाऱ्या मुला-मुलींच्या पालकांसाठी खास: मागे वाकताना कंबर दोन-तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडू नका. त्या वयात मणक्याच्या हाडाला सततच्या सर्व्हिसने बारीक तडा जातो आणि तिथे मात्र खेळ पूर्ण थांबवावाच लागतो.

परतीचे सहा आठवडे

तयारी ऑगस्टमध्ये सुरू करा: जिना, टाचा उचलणं, रबरी पट्टा, बाटली. आठवड्यातून तीन दिवस, २० मिनिटं पुरतात.

कोर्ट उघडल्यावर पहिला आठवडा दोन दिवस, ४५ मिनिटं, फक्त नॉक. सर्व्हिस नाही. दुसऱ्या आठवड्यात तेवढाच वेळ, शेवटी अर्ध्या जोराच्या २० सर्व्हिस. तिसऱ्यात तीन दिवस, एका तासाच्या आत, ३० सर्व्हिस. चौथ्यात डबल्सचा एक सेट. पाचव्यात दोन सेट, मध्ये एक दिवस सुट्टी पाळून. सिंगल्स सहाव्यात. कुठल्याही आठवड्यात सकाळचा आकडा चढला तर तोच आठवडा पुन्हा करा.

दर वेळी आधीची आठ-दहा मिनिटं कापू नका, डिसेंबरच्या पहाटेच्या गारठ्यात तर नाहीच. तीन मिनिटं हलकं धावणं, आडवी पावलं, आठ-आठ लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), पट्ट्याचा एक फेरा. मग दोघांनीही सर्व्हिस बॉक्समध्ये उभं राहून पाच मिनिटं हळू टप्पे, आणि त्यानंतरच बेसलाइन. सामन्याआधी पाच सर्व्हिस अर्ध्या जोराने, पाच पाऊण जोराने.

किक सर्व्हिस, म्हणजे टप्प्यानंतर उंच उसळणारी सर्व्हिस, सातव्या आठवड्याआधी काढू नका. त्यात पाठ मागे वाकवून खांदा एकदम वर फेकावा लागतो, आणि त्या आधीच्या सहा आठवड्यांत दोघांपैकी एकही त्याला तयार नसतो.